अध्ययन थोर कीं आचरण?

कोणत्याहि समाजाची नीति त्या समाजाच्या बाहेर उभें राहून शिकतां येते काय, आणि शिकतां आली तर शिकणाराच्या हातीं तिच्यांतील नेमकें काय लागतें, हा प्रश्न वरवर पाहणारास केवळ पंडितांच्या करमणुकीचा वाटण्याचा संभव आहे. रसायनशास्त्र शिकणारानें गंधक व्हावें अशी कोणाची अपेक्षा नसते. व्याकरण शिकलेल्या मनुष्यास शुद्ध बोलतां आलें नाहीं तर आपण हसतों व सोडून देतों. परंतु नीतिशास्त्राची गोष्ट निराळी आहे. ज्यानें दहा वर्षें न्यायाचें चिंतन केलें तो आपल्या गड्याची मजुरी बुडवूं लागला, तर त्याचें सर्व चिंतन फुकट गेलें असें आपण म्हणतों, आणि तसें म्हणण्यांत आपली कांहीं चूक होते असेंहि आपणांस वाटत नाहीं. मग विद्यापीठांत जें नीतिशास्त्र शिकवितात, ज्याची परीक्षा घेतात आणि ज्यांत पदव्या देतात, त्याचें प्रयोजन तरी काय?

या प्रश्नाचा विचार यहुदी नीतिशास्त्राच्या उदाहरणावरून करण्याचें येथें योजिलें आहे. हें उदाहरण निवडण्यास दोन कारणें आहेत. पहिलें, या परंपरेंत अध्ययन हेंच एक मोठें धर्मकृत्य मानलेलें आहे, त्यामुळें अध्ययन आणि आचरण यांचें नातें काय, ही शंका तिनें स्वतःलाच फार पूर्वीं विचारून ठेविली आहे. दुसरें कारण असें कीं, विद्यापीठाच्या दाराशीं या शास्त्राला पुष्कळ काळ तिष्ठत उभें राहावें लागलें, आणि तें आंत आलें तें बऱ्याच अंशीं आरोपीच्या पिंजऱ्यांतून आलें.

हें शेवटचें वाक्य अलंकारिक नाहीं. १८८८ सालीं जर्मनींतील मार्बुर्ग या विद्यापीठाच्या गांवीं एक खटला चालला. एका शाळाशिक्षकानें असें जाहीर विधान केलें होतें कीं, तालमूदाच्या शिकवणीप्रमाणें नीतीचे नियम यहुद्यानें यहुद्याशीं वागतांनाच पाळावयाचे असतात. परक्याला लुबाडण्यास व फसविण्यास त्याला मोकळीक आहे. फिर्याद झाली, आणि तालमूद खरोखर काय सांगतो हें ठरविण्यासाठीं न्यायालयानें दोन तज्ज्ञांचे अभिप्राय मागविले. एक तज्ज्ञ गॉटिंगेनचा प्राध्यापक पॉल द लागार्द. पौर्वात्य भाषांचा नामांकित पंडित, आणि यहुदीद्वेष्टा म्हणूनहि तितकाच नामांकित. दुसरा हेर्मान कोहेन. कांटच्या तत्त्वज्ञानाचा पुनरुद्धार करणारांत अग्रगण्य, आणि १८७६ पासून मार्बुर्ग येथेंच तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. बाप्तिस्मा न घेतां अशा पदावर चढलेले यहुदी त्या काळच्या जर्मनींत फार थोडे होते.

कोहेननें जो अभिप्राय दिला तो पुढें तालमूदांतील शेजारप्रेमाविषयींचा निबंध म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य आधार दोन कल्पनांवर आहे. एक कल्पना परक्याची. ज्या ग्रंथांत शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा आहे, त्याच ग्रंथाच्या त्याच अध्यायांत, थोडें पुढें, परक्यावरहि आपल्याप्रमाणेंच प्रेम करण्याची आज्ञा आहे. आणि तिचें कारण म्हणून, तुम्हीहि एके काळीं मिसर देशांत परके होतां, ही आठवण दिली आहे. दुसरी कल्पना ‘नोहाच्या पुत्रां’ची. यहुदी धर्म न स्वीकारतां जो मनुष्य नीतीचे सात मूलभूत नियम पाळतो, त्याला नीतिमान् मनुष्य म्हणून मान्यता आहे. परक्यापाशीं श्रद्धा मागितलेली नाहीं, सदाचार मागितला आहे. लंडनच्या जॉन सेल्डन या कायदेपंडितानें १६४० सालींच या नोहाच्या नियमांवर एक विस्तृत ग्रंथ लिहून त्यांत सर्व राष्ट्रांना लागू पडणाऱ्या नैसर्गिक कायद्याचें मूळ शोधलें होतें. तेव्हां कोहेनची ही दृष्टि कांहीं खटल्यापुरती जुळविलेली नव्हती. शिक्षकाला शिक्षा झाली.

परंतु या खटल्यांत आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निकाल ही नव्हे. लागार्द हा अडाणी नव्हता. सेमिटिक भाषांचें त्याचें ज्ञान वादातीत होतें. जुनीं हस्तलिखितें वाचण्यांत त्याचा हात धरणारे थोडे. म्हणजे विद्यापीठ ज्याला ज्ञान म्हणतें तें त्याच्यापाशीं भरपूर होतें, आणि त्या ज्ञानानें त्याला ज्यांच्या ग्रंथांचा अभ्यास केला त्या मनुष्यांच्या जवळ एक पाऊलहि नेलें नाहीं. भाषा येणें आणि त्या भाषेंत बोलणाराचें म्हणणें ऐकूं येणें, यांत केवढें अंतर असूं शकतें याचें हें एक कायमचें उदाहरण होऊन बसलें आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं. परक्याच्या द्वेषानें जसें अध्ययन विटाळतें तसेंच तें आपलेपणाच्या वकिलीनेंहि विटाळतें. एकोणिसाव्या शतकांतील यहुदी विद्वानांच्या डोक्यावर ही टांगती तरवार सारखी होती. १८१९ सालीं बर्लिन येथें लेओपोल्ड त्सुंझ, एडुआर्ड गान्स प्रभृति तरुणांनीं यहुदी संस्कृतीच्या शास्त्रीय अभ्यासासाठीं एक मंडळ काढलें. आपल्या परंपरेचा अभ्यास इतर कोणत्याहि विद्येप्रमाणें निर्भयपणें व्हावा आणि त्यासाठीं विद्यापीठाचें दार उघडावें, अशी त्यांची उमेद होती. पण १८२२ मध्यें प्रशियाच्या राजानें यहुद्यांना अध्यापकाच्या जागा बंद केल्या. गान्सनें १८२५ सालीं बाप्तिस्मा घेतला आणि मग तो प्राध्यापक झाला. त्सुंझनें तसें केलें नाहीं. १८४८ मध्यें त्यानें बर्लिन विद्यापीठांत यहुदी विद्येचें एक अध्यासन निर्माण करावें अशी सरकारास विनंति केली. ती नाकारण्यांत आली. तेव्हां ही विद्या विद्यापीठाबाहेर, समाजाच्या पैशावर उभारलेल्या संस्थांतून वाढली. १८५४ सालीं ब्रेस्लाउची पाठशाळा निघाली, १८७२ सालीं बर्लिनचें उच्च विद्यालय निघालें. कोहेन हाहि मूळचा ब्रेस्लाउचाच विद्यार्थी.

ज्याला सारखें आरोपांना उत्तर द्यावें लागतें त्याच्या लेखणीला उत्तराचीच सवय जडते. आपल्या ग्रंथांतील उजळ तेवढें पुढें मांडावें आणि अवघड तें मागें सारावें, असा मोह त्याला होतो. हा मोह समजण्यासारखा आहे. परंतु समजण्यासारखी प्रत्येक गोष्ट योग्य असतेच असें नाहीं. तालमूदांत आपला आणि परका यांत भेद करणारीं वचनें आहेत. सांपडलेली वस्तु परत करण्याचें बंधन कोणाच्या बाबतींत आहे आणि कोणाच्या बाबतींत नाहीं, अशी चर्चा तेथें आहे. प्रामाणिक अभ्यासकानें हीं पानें चिकटवून टाकतां कामा नयेत. तीं उघडीं ठेवूनच त्यानें पुढचींहि वाचावीं, म्हणजे या परंपरेनें स्वतःच त्या भेदाशीं कसा झगडा केला हें त्याला दिसेल. शिमोन बेन शेताख या गुरूची गोष्ट जेरुसलेमच्या तालमूदांत आहे. त्याच्या शिष्यांनीं एका अरबापासून त्याच्यासाठीं गाढव विकत घेतलें, आणि पाहतात तों त्याच्या गळ्यांत एक मोतीं. शिष्य हर्षले, आतां गुरूला कष्ट करण्याचें कारण उरलें नाहीं. गुरूनें एवढेंच विचारलें कीं, हें धन्याला ठाऊक होतें काय? नव्हतें असें कळतांच त्यानें तें मोतीं परत करण्यास सांगितलें. नियमाप्रमाणें तें ठेवण्यास हरकत नव्हती, असें शिष्यांचें म्हणणें. पण नियमानें मोकळीक दिली म्हणून मनुष्यानें रानटी व्हावें काय, असा गुरूचा भाव. पुढें तेराव्या-चौदाव्या शतकांत पर्पिन्याँच्या मेईरीनें तर असा सिद्धांतच मांडला कीं, हे सर्व भेद प्राचीन काळच्या, कोणतेंहि नीतिबंधन न मानणाऱ्या लोकांपुरते होते. जीं राष्ट्रें धर्मानें व कायद्यानें बांधलेलीं आहेत त्यांतील माणसांना ते लागू नाहींत.

या गोष्टींत यहुदी नीतिशास्त्राचें एक लक्षण दिसून येतें. विद्यापीठांतील विद्यार्थ्याला ज्या प्रकारच्या नीतिशास्त्राची सवय असते त्या प्रकारचें हें नव्हे. येथें व्याख्येपासून आरंभ होत नाहीं. गाढव, मोतीं, मजुरी, पाण्याचें भांडें यांपासून होतो. राब्बा बार बार हाना याच्या हमालांनीं त्याचें द्राक्षमद्याचें पिंप फोडलें. त्यानें भरपाई म्हणून त्यांचीं पांघरुणें घेतलीं. तक्रार रव या आचार्याकडे गेली. पांघरुणें परत कर, असा त्यानें निर्णय दिला. कायदा असाच आहे काय, या प्रश्नाला त्यानें होय म्हणून उत्तर दिलें. हमाल पुढें म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलों, उपाशी आहों. तेव्हां त्यांची मजुरीहि दे, असें रवनें सांगितलें. आणि हाहि कायदाच काय, या दुसऱ्या प्रश्नालाहि होय म्हटलें. येथें विद्यार्थी थबकतो. हा कायदा कीं दया? जी गोष्ट कायद्याच्या रेषेच्या आंतील आहे असें आपण म्हणतों ती कायद्यानेंच मागितली तर रेषा कोठें राहिली? या एका छोट्या गोष्टीवर आजहि निबंध लिहिले जातात, आणि शेवटचा शब्द अजून कोणी उच्चारलेला नाहीं.

त्याहून कठीण प्रश्न पाण्याच्या भांड्याचा. दोघे जण रानांतून चालले आहेत. एकाच्या हातीं पाण्याचें भांडें आहे. दोघांनीं प्यालें तर दोघे मरतील; एकानेंच प्यालें तर तो वस्तीला पोंचेल. बेन पेतूरा म्हणतो, दोघांनीं प्यावें. एकानें दुसऱ्याचा मृत्यु डोळ्यांनीं पाहूं नये. रब्बी अकीबा म्हणतो, ज्याच्या हातीं भांडें त्यानें प्यावें. स्वतःचा जीव आधीं. परंपरेनें अकीबाचें मत श्रेष्ठ धरलें; पण बेन पेतूराचें मत पुसून टाकलें नाहीं. नाकारलेलें मत जपून ठेवणें हा या ग्रंथाचा स्वभावच आहे. आपल्याकडील टीकाकार पूर्वपक्ष सविस्तर मांडतात त्याची येथें आठवण व्हावी. मात्र आपला पूर्वपक्ष बहुधा खंडनासाठीं मांडलेला असतो, आणि येथील पूर्वपक्ष पुढच्या एखाद्या न्यायाधीशाला आधार म्हणून हवा होईल या बुद्धीनें राखलेला असतो.

वाचकांनीं क्षणभर थांबून हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. मग विद्यापीठाचा वर्ग आणि पाठशाळेची बैठक यांतील भेद त्यांच्या लगेच ध्यानांत येईल. विद्यापीठांत प्रश्न असा येतो: अकीबाचें मत काय होतें, कोणत्या काळांत तें तयार झालें, त्याची तुलना ग्रीक मतांशीं कशी होईल? पाठशाळेंत प्रश्न असा येतो: भांडें तुझ्या हातांत आहे, तूं काय करशील? पहिल्या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर गुण कमी पडतात. दुसऱ्याचें चुकलें तर मनुष्य मरतो. यावरून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात कीं, खरें अध्ययन पाठशाळेंतलें. विद्यापीठांतलें तें नुसतें शवविच्छेदन. हा निष्कर्ष मला मान्य नाहीं. पाठशाळेंत बसणाराला आपल्या आचार्यांची चूक दिसणें कठीण असतें, आणि बाहेरच्याला तर तेथें प्रवेशच नसतो. विद्यापीठाच्या वर्गांत ख्रिस्ती, हिंदु, नास्तिक कोणीहि तें भांडें हातीं घेऊन पाहूं शकतो. एखादें नीतितत्त्व खरें असेल तर तें परक्याच्या कसोटीसहि उतरलें पाहिजे. कोहेनचा आग्रह हाच होता. मोरित्स लाझारुसनें १८९८ सालीं यहुदी नीतीवर ग्रंथ लिहून ती राष्ट्रमानसाचा आविष्कार म्हणून वर्णिली, तेव्हां कोहेननें त्यावर कठोर टीका केली. आमची आहे म्हणून ती चांगली, असें म्हणणें त्याला पुरेसें वाटेना. बुद्धीला पटते म्हणून ती आमची, असें त्याला म्हणावयाचें होतें. त्याच्या मरणोत्तर १९१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या ग्रंथांतहि हाच सूर आहे. आपल्या ग्रंथांत त्याला कांट जरा अधिकच दिसला, हा आक्षेप खरा आहे. पण दार उघडें ठेवण्याची त्याची तळमळ त्या आक्षेपानें खोटी ठरत नाहीं.

येथपर्यंतचा विचार सोपा होता. पुढचा सोपा नाहीं. ज्या देशाच्या विद्यापीठांनीं नीतिशास्त्राचा जितका खोल अभ्यास केला तितका क्वचितच कोणी केला असेल, त्याच देशांत १९३३ च्या एप्रिलमध्यें कायदा करून यहुदी प्राध्यापकांना काढून टाकण्यांत आलें. मार्बुर्ग येथें पांच वर्षें शिकवून गेलेला मार्टिन हायडेगर त्याच वर्षीं फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि नाझी पक्षांत शिरला. बर्लिनचें उच्च विद्यालय १९४२ मध्यें बंद करण्यांत आलें. हेर्मान कोहेन १९१८ सालींच वारला होता. पण त्याची विधवा मार्था हिला ऐंशी वर्षें उलटल्यावर टेरेझिनच्या छावणींत नेण्यांत आलें आणि १९४२ मध्यें ती तेथें मेली. ज्यानें जर्मनीला जर्मनीच्याच तत्त्वज्ञाचें मोल नव्यानें पटवून दिलें त्याच्या घरची ही अखेर. मग त्या सर्व अध्ययनाचा उपयोग काय झाला?

या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर देणें हा मृतांचा अपमान होईल. नीतिशास्त्राच्या अध्ययनानें मनुष्य नीतिमान् होतो, ही समजूत त्या वर्षांत कायमची मेली, हें मान्य केलेंच पाहिजे. पण त्याच इतिहासांत आणखी दोन गोष्टी आहेत. बर्लिनच्या विद्यालयांतील अध्यापक लेओ बेक यानें उरलेल्या मूठभर विद्यार्थ्यांना शेवटपर्यंत शिकविलें. १९४३ मध्यें त्यालाहि टेरेझिनला नेलें, तेव्हां तेथील अंधाऱ्या बराकींत तो बंदिवानांना प्लेटो आणि कांट यांवर व्याख्यानें देत असे. ज्या कांटच्या देशबांधवांनीं त्याला तेथें कोंडलें होतें त्याच कांटवर! दुसरी गोष्ट इमान्युएल लेव्हिनासची. १९२८-२९ मध्यें तो फ्रायबुर्ग येथें हायडेगरच्या वर्गांत बसला होता. महायुद्धांत तो जर्मनांचा युद्धकैदी झाला. लिथुआनियांतील त्याचें कुटुंब मारलें गेलें. त्यानंतर त्यानें पॅरिसमध्यें तालमूदावर व्याख्यानें दिलीं आणि १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्यासमोर उभें राहतांच आपली जबाबदारी सुरू होते. अस्तित्वाचा विचार त्यानंतरचा. एकाच वर्गांत, एकाच वेळीं, गुरु आणि शिष्य होते; अध्ययनानें एकाला वांचविलें नाहीं आणि दुसऱ्याला तें सोडवेना.

आतां तालमूदानें स्वतःला विचारलेल्या प्रश्नाकडे वळूं. लोद या गांवीं एका घराच्या माडीवर वडील मंडळी बसली असतां प्रश्न निघाला: अध्ययन थोर कीं आचरण? रब्बी तार्फोन म्हणाला, आचरण. रब्बी अकीबा म्हणाला, अध्ययन. शेवटीं सर्वांनीं मिळून ठरविलें कीं अध्ययन थोर, कारण तें आचरणाकडे नेतें. हें उत्तर प्रथम ऐकतांना चातुर्याचें वाटतें: मान अध्ययनाला दिला आणि कारण आचरणाचें सांगितलें. परंतु दोन गोष्टी ध्यानांत आणल्या म्हणजे त्याचें वजन कळतें. त्याच माडीवर, तालमूद सांगतो, आणखी एक निर्णय झाला होता: जिवावर बेतलें असतां कोणते नियम मोडावे आणि कोणते मोडण्यापेक्षां मरण पत्करावें. आणि अध्ययन थोर म्हणणारा अकीबा रोमन सत्तेची बंदी मोडून लोकांना जाहीरपणें शिकवीत राहिला म्हणून हाल हाल होऊन मेला. पाण्याचें भांडें ज्याच्या हातीं त्यानें प्यावें असें सांगणारा अकीबा तो हाच. दुसऱ्यापाशीं त्यानें प्राण मागितला नाहीं. स्वतःचा मात्र दिला. नियम दुसऱ्यासाठीं किती मागतो आणि आपण स्वतःकडून किती मागतों, यांतील अंतर हेंच नीतीचें खरें क्षेत्र, असें मला त्याच्या चरित्रावरून वाटतें. आणि तें अंतर कोणत्याहि अभ्यासक्रमांत बसत नाहीं.

म्हणून अध्ययन आचरणाकडे नेतें हें विधान घडून आलेल्या वस्तुस्थितीचें वर्णन नव्हे, तें अभ्यासकाला घातलेलें बंधन आहे. अध्ययन मनुष्याला ओढत नेत नाहीं. वाट दाखवितें आणि अज्ञानाची सबब तेवढी काढून घेतें. ज्यानें त्या मोत्याची गोष्ट वाचली त्याला, परक्याच्या नुकसानीशीं माझा काय संबंध, असें म्हणण्याची सोय उरत नाहीं. तो तसें वागूं शकेल; परंतु आपण काय करीत आहों हें ठाऊक असून वागेल. विद्यापीठ देऊं शकतें तें एवढेंच. तें थोडें आहे. तथापि जेथें तेवढेंहि दिलें जात नाहीं तेथें मार्बुर्गच्या त्या शिक्षकासारखीं माणसें निर्धास्तपणें बोलत राहतात.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटूं नये. आपल्या कोंकणांत शनवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, ते बेने इस्रायल शतकानुशतकें मराठी बोलत आपल्या शेजारीं राहिले. वल्हांडणाच्या सणाची त्यांची पोथी १८४६ सालीं मुंबईस मराठींत छापली गेली. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठींत आणले. १९४८ नंतर त्यांच्यापैकीं बहुतेक जण इस्रायलला निघून गेले. त्यांना येथें कोणी छळलें नाहीं, याचा आपण अभिमान बाळगतों, आणि तो खोटा नाहीं. परंतु शेजाऱ्याला न छळणें ही एक गोष्ट आणि तो आपल्या घरांत कोणता ग्रंथ कोणत्या ओढीनें वाचतो हें विचारणें ही दुसरी. पहिली आपण केली. दुसरी करण्यास आपणांस फुरसत झाली नाहीं. मिसरांतून सुटल्याची कथा, आणि परक्यावर प्रेम करण्यास आधार झालेली ती आठवण, आपल्याच भाषेंत छापलेली आपल्या दाराशीं होती. ती उघडून पाहण्यासाठीं विद्यापीठाची पदवी लागत नव्हती. शेजारच्या घराची पायरी चढावी लागत होती.